नानांच्या वाटणीचा भात

माघातला साधासुधा प्रकाश. धुतलेल्या पंच्यासारखा पांढुरका, अनुत्सुक, हळूहळू परसात उतरणारा. आधी तो पोफळींच्या शेंड्यांवर थबके. मग कौलांवरून ओघळे, दगडी दोणीतल्या पाण्यात क्षणभर थरथरे. आणि अखेर, अगदी अखेर, फणसाखालच्या खताच्या ढिगापाशी येऊन बसे. ढिगातून तेव्हा वाफेचा एक धागा उठे. मंद, मूक, ऊर्ध्वगामी.

नाना त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालीत आणि मुलाला, निरंजनाला, म्हणत, "अंगात ताप आहे बघ. जिवंत आहे." एक थर ओला, एक पाचोळ्याचा, मधूनमधून उलथापालथ, आतल्या अदृश्य, असंख्य, अन्नमग्न जिवांना श्वास मिळावा म्हणून.

भाद्रपदात नाना गेले. निरंजनाने स्वहस्ते पिंड मांडले. ते गेले, हे गावाने मानले; त्याने मानले नाही.

रोज सकाळी तो दोन वाट्या तांदूळ धुई. एक पान आपले, एक पान नानांचे. मऊ भात, वर मेतकूट. पान निवे. निवलेला भात तो ढिगावर वाही, निर्माल्य सोडावे तसा. ढीग तापलेला आहे तोवर कुणीतरी जेवते आहे, असे त्याला वाटे. उलथणे मात्र त्याने टाळले; तळाशी नानांनी लोटलेला शेवटचा पाचोळा होता.

भाताचा चिकट थर चढत गेला. वाऱ्याच्या वाटा बुजल्या. एका सकाळी वाफेचा धागा उठलाच नाही. उठला तो आंबूस दर्प.

शेजारची गोदामावशी कुंपणाशी आली. "निरंजना, नानांनी कधी शीत वाया घालवलं नाही हो. एवढं रांधतोस कुणासाठी?"  मग हळू म्हणाली, "उलथ तो ढीग. जीव गुदमरलाय त्याचा."

त्याने फावडे घेतले. वर निळसर बुरशीचा भात. मध्ये शुभ्र तंतूंचे विरळ जाळे. आणि तळाशी पाचोळा नव्हता. ना पान, ना शीर, ना देठ. काळी, भुसभुशीत, मुळांच्या वासाची माती तेवढी होती. लक्षावधी मुखांनी, शोकाविना, त्वरेविना, तो पाचोळा केव्हाच आपलासा केला होता.

त्याने कोपरापर्यंत हात घातला. माती गार होती. गार, हलकी, शांत. ताप उतरला की खत झाले समज, असे नानाच सांगत.

दुसऱ्या सकाळी तोच पांढुरका प्रकाश चुलीपाशी आला. निरंजनाने एक वाटी तांदूळ धुतले. दुसरी भरली, किती वेळ हाती धरली, आणि पुन्हा डब्यात ओतली. दाण्यांचा नाद रित्या घरभर फिरला, विरला.

नाना गेले होते. जेवणारा एकच होता.