पोथीपुढचं पाणी

आवडाबाईंची जीभ ओवीच्या मध्येच टाळूला चिकटली. शब्द तोंडात तयार होता, पण बाहेर येईना. आंबिवलीच्या चाळीतलं देऊळ, श्रावणाचा सप्ताह, समोर सतरंजीवर बसलेल्या बायका. त्यांनी पाटाजवळचं फुलपात्र ओठांना लावलं, घोट घेतला आणि बोट पुन्हा ओळीवर ठेवलं.

"मावशी," मंडळाची प्रमुख कल्पिता हळूच म्हणाली, "पोथीला उष्टा हात लागला."

अध्याय संपेपर्यंत वाचणाऱ्याने पाणी घ्यायचं नाही, हा मंडळाचा रिवाज. तो घालून दिला आवडाबाईंनीच. साड्यांना फॉल-बिडिंग करून संसार ओढलेली ही बाई. एरवी तिचं बोलणं शेजारणीलाही नीट ऐकू जात नसे. पण श्रावणात या पाटावर बसली, की आवाज चाळीच्या टोकाला पोचायचा. तेवढंच काय ते तिचं स्वतःचं होतं.

गेल्या दिवाळीपासून तोंड सुकायला लागलं. भाकरीचा घास घशात अडके, साधी आमटीही झोंबे, दाढा भराभर किडल्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर आपल्याच लाळेच्या ग्रंथींवर उठलंय, हे मुळासकट जायचं नाही. लाळ घास ओला करते, दात राखते, बोलताना जीभ फिरती ठेवते. आता ते काम घोटाघोटाने पाण्याकडून करून घ्यायचं. जन्मभर लाळ गिळत आले, कधी तिची किंमत कळली नाही, असं त्या घरी येऊन सुनेला म्हणाल्या होत्या.

कल्पिताने तोड सुचवली, वरून ओतून प्या. ते काल करून झालं होतं. ठसका लागून पाणी पोथीच्या वस्त्रावर सांडलं होतं. मग ती म्हणाली, यंदा तुमच्या योगिनीला बसू दे, तुम्ही नुसतं ऐका. बायकांत बसलेल्या सुनेने, योगिनीने, मान खाली घातली.

आवडाबाई उठल्या नाहीत.

"उष्टं कशानं होतं गं?" आवाज नेहमीसारखाच मऊ.

"थुंकीनं. बारक्या पोरांना पण माहितेय."

"ठाण्याला मला वाटीत थुंकायला बसवलेलं. वाटीचा तळ नाय ओला झाला. तुला माझ्या तोंडात दिसत असेल, तर दाखव."

मागे कुणीतरी फसकन हसलं. कल्पिता मात्र हसली नाही. रिवाज रिवाज असतो, म्हणाली.

"मीच घातलेला, मीच मोडते. पाप लागलं तर माझ्या एकटीला लागू दे. पण देवानं पाठवलेलं दुखणं आहे हे, त्याच्यापायी त्याच्याच पुढनं मी उठणार नाय."

दोघी-तिघी चपला घालून निघून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. कल्पिताही, भिंतीकडे बघत.

आवडाबाईंनी अडलेली ओवी पहिल्या शब्दापासून घेतली. अध्याय लांब होता. मध्ये मध्ये त्या थांबत, पाणी पीत, पुढे जात. ओठाच्या कोपऱ्यातली भेग उलली, तशी त्यांनी ती पदराने टिपली, डागाची बाजू आत दुमडून पदर कमरेला खोचला आणि पान उलटलं.