वीस सेकंदांचा द्वारपाल

मित्रांनो, मी एक जुना बूट लोडर आहे. संगणकाचे बटण दाबल्यावर अगदी पहाटे जे जागे होतात, त्यांतला मी एक. हार्ड डिस्कच्या चिमुकल्या कोपऱ्यात माझे घर. ज्या संगणकात दोन प्रणाली, म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टिम, नांदतात, त्याच्या दारात मी उभा राहतो. काळ्या पडद्यावर दोन नावे मांडतो आणि विचारतो, 'आज कोणाकडे जायचे?' उत्तर मिळाले की दार उघडतो आणि निजतो. पडद्यावर उजाडते, तेव्हा मी अंधारात परतलेला असतो.

मला कोणा एकाने घडवले नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या अनेकांनी माझी एकेक ओळ विणली. सहा वर्षांपूर्वी संगणक दुरुस्त करणाऱ्या मामाने मला एका शिंप्याच्या घरी आणले. घरात शिंपी, म्हणजे बाबा, आणि त्यांची लेक; मामा तिचा. पहिले नाव लेकीच्या प्रणालीचे. तिच्यात तिचा प्रबंध. दुसरे बाबांच्या जुन्या प्रणालीचे. भरतकामाचे यंत्र तेवढ्या एकीचेच ऐकते. दहा सेकंदांत कोणी काही निवडले नाही, तर मी पहिले दार उघडायचे, असा करार होता.

"दारावर माणूस चांगला ठेवलास," बाबा मामाला म्हणाले होते. माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव शाबासकी. पुढे सगळे मला विसरले. द्वारपालाचे असेच असते. दार उघडेपर्यंतच त्याला चेहरा असतो.

बाबांची बोटे मात्र मला पाठ होती. चाळीस वर्षे सुई धरून ती ताठरली होती. आधी चष्मा, मग खाली जाण्याची कळ, मग निवडीची. नऊ सेकंद लागत. मी श्वास रोखून मोजत असे.

एका शुक्रवारी घाईत असलेल्या लेकीने माझ्या दहाचे शून्य केले. शनिवारी सकाळी बाबांनी बटण दाबले. मला थांबायचे होते, पण शून्यात थांबायला जागा कुठून असणार? यादी उमटलीच नाही. थेट लेकीचे दार उघडले. बाबांनी चार वेळा संगणक बंद-चालू केला. सोमवारी शाळेला तीनशे बिल्ले भरून द्यायचे होते. त्यांचे नमुने, शिवाय बावीस वर्षांची सगळी नक्षी, पलीकडच्या दाराआड होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यांनी मामाला बोलावून घेतले.

"बहुतेक मीच काहीतरी दाबलं," ते मामाला हळूच म्हणाले. "पोरीला सांगू नकोस, हसेल."

मामा कामाच्या गडबडीत होता. त्याने पेन ड्राइव्ह लावला. "भाऊजी, तुमची प्रणाली गेलेली दिसते. सगळं पुसून नव्यानं घालतो. तासाभराचं काम."

"माझी नक्षी?"

"गेली असेल, तर आता काय करणार?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आणि पोरीचं लिहिलेलं?"

"तेही पुसलं जाईल."

"मग हात लावू नकोस. आधी तिला हाक मार."

मित्रांनो, माझे आयुष्य त्या एका वाक्यावर तरले.

लेक आली. सगळे ऐकून तिचा चेहरा उतरला. "बाबा, काही गेलं नाही! मीच वाट पाहणं बंद केलंय. सुरू होताना एस्केपची कळ दाबून धरली की यादी येते की!"

"ते मला स्वप्नात कळणार होतं का गं?"

मामाने पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला. "आणि मामासाहेब, तुम्ही न बघताच पुसायला निघालात?" लेक म्हणाली.

"घाईचा रोग तुमच्याच घरात लागला मला," मामा पुटपुटला.

लेकीने आपल्या प्रणालीत जाऊन माझ्या नोंदीतले शून्य खोडले. "तीस करू?"

"तीस? मी एवढा म्हातारा दिसतो?"

"पंधरा?"

"पंधरात चष्मा सापडायला नको?"

सौदा विसावर पटला. तिने आज्ञा देऊन मला नव्याने लिहिले. बाबांनी बटण दाबले, यादी उमटली, ताठर बोट खाली सरकले. पलीकडे सगळी नक्षी जागच्या जागी होती. त्याच दुपारी तिची प्रतही काढून ठेवली गेली. सोमवारी बिल्ले शाळेत पोहोचले.

मित्रांनो, माझ्यासारख्या न दिसणाऱ्यांना अधूनमधून आठवत जा. काही पुसण्याआधी, आत आणखी कोणाचे काय आहे, ते बाबांसारखे विचारा. लेकीला एका कळीसरशी आत जाता येते. तरी कधी कधी ती हात मांडीवर ठेवून बसते आणि विसापासून एकापर्यंत उतरणारे आकडे पाहते. एवढा वेळ बाबांना लागतो, हे ती मोजत असावी. त्या दिवशी मी दार जरा हलकेच उघडतो.