बोरिश आणि व्हेरोन एका खोड्यात

आमच्या गावात चर्चची घंटा वाजवायचं काम माझ्याकडे होतं, आणि चर्चसमोरच्या खोड्याची किल्लीही. चांगला जाड ओकचा खोडा, मागे बसायला बाक. शिक्षा झालेल्या दोघांचे पाय त्याच्या भोकांत एकदम अडकवता यायचे.

बोरिश आणि व्हेरोन शेजारणी. व्हेरोनची बदकं बोरिशच्या कोबीत शिरली, त्यावरून दोघी एका रविवारी भर प्रवचनात भांडल्या. पाद्रीबुवा नेमके शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून सांगत होते. मुखिया गाश्पारनं तिथल्या तिथे निकाल दिला: दोघी एकाच खोड्यात, संध्याकाळच्या घंटेपर्यंत.

मी कुलूप लावलं. दोघींनी तोंडं दोन दिशांना फिरवली. चर्चमधून निघालेला सगळा गाव तिथेच थांबला. टोमणे सुरू झाले, आणि माते शिंप्यानं एक सडका आलुबुखारा व्हेरोनच्या गालावर मारला.

बोरिशनं तो तिच्या मांडीवरून उचलला आणि त्या शिंप्याच्याच कपाळावर हाणला.

"तिला मारायचं तर मी मारीन. तू रे कोण?"

"आणि माझ्या नवऱ्याच्या कोटाची एक बाही तोकडी शिवलीस, ती कधी नीट करतोस?" गाल पुसत व्हेरोन म्हणाली.

"एकच? माझ्या भावाच्या दोन्ही तोकड्या आहेत."

लोक हसायला लागले. माते मागच्या मागे सटकला. कुणीतरी दोघींना पाव आणि डुकराच्या चरबीचे काप आणून दिले, कुणी वाइन. मग त्यांनी जमलेल्या एकेकाची हजेरी घेतली, आणि ज्याची घेत तोच जास्त हसत होता.

एवढ्यात चिलीम ओढत गाश्पार आला. "शिक्षा भोगताय की जत्रा भरवलीय?"

"या ना गाश्पारदादा," बोरिश म्हणाली. "तुमचीच आठवण निघाली होती. व्हेरोन, बायकोनं घराबाहेर काढलं म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात कोण गं झोपलं होतं?"

"नाव नको घेऊस बाई. मिशीला पिसं चिकटली होती, एवढंच सांग."

गाश्पार कानापर्यंत लाल झाला. "सोड रे यांना," तो मला म्हणाला.

"असं कसं?" व्हेरोन म्हणाली. "घंटा कुठे झालीय अजून? तुमचाच हुकूम आहे."

"मग वाजव घंटा!"

सूर्य डोक्यावर होता. पण मुखियानं सांगितलं, मी वाजवली. खाली येऊन कुलूप काढलं. पाय बधिर झालेल्या दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात कुरणाकडून धुरळा उठला. संध्याकाळची घंटा ऐकून गुराख्यानं गावची सगळी गुरं घराकडे वळवली होती. रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. गाश्पार चर्चच्या कुंपणावर चढला.

त्या दोघींना पळणं शक्यच नव्हतं. त्या पुन्हा बाकावर टेकल्या आणि गंमत बघत राहिल्या. मीही शेजारी बसलो. वाइन अजून उरली होती.