'लंगडा ससा'मधला कथलाचा पेला

मित्रांनो, मला अजूनही सगळे पेलाच म्हणतात, हा त्यांचा चांगुलपणा. कारण गेली चार वर्षे माझ्या पोटात थेंबभरही काही पडलेले नाही. निदरकॉट नावाच्या खेड्यात 'लंगडा ससा' हा पब आहे. त्याच्या काउंटरच्या वर छताला एक जाड तुळई आहे आणि तुळईला लोखंडी आकडे आहेत. त्यांतल्या अगदी उजवीकडच्या आकड्याला मी, एक जुना कथलाचा पेला, कानाने लटकतो. समोरच्या खिडकीतून टेकडीवर जाणारा रस्ता आणि चर्चच्या पलीकडचे एक निळे दार दिसते. दिवसभर तेवढेच बघत असतो.

माझा जन्म शेफील्डच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले कथील साच्यात ओतले, निवल्यावर घासले, आणि एका चष्मेवाल्या कारागिराने लहान हातोडीने माझ्या अंगावर बारीक बारीक ठोके दिले. ते ठोके अजून दिसतात. माझ्याबरोबर आणखी अकरा भावंडे होती. ती कुठे गेली, देव जाणे. मला लडलो नावाच्या गावातल्या एका दुकानात आणून काचेआड ठेवले. तिथे दोन उन्हाळे काढले. गिऱ्हाईक यायचे, मला हातात घ्यायचे, वजन बघायचे आणि काचेचे ग्लास घेऊन जायचे. एकटेपणा म्हणजे काय, ते मला तिथेच पहिल्यांदा कळले.

मग एके दिवशी नेस्टा आली. दूधदुभत्याच्या कामाने हात लाल झालेली, हसरी मुलगी. तिचे लग्न मर्विन प्रॉसरशी ठरले होते. मर्विन कुंपणे विणायचा. आमच्याकडची कुंपणे जिवंत झाडांची असतात. हिवाळ्यात फांद्या बुंध्याशी अर्ध्या छाटायच्या, आडव्या वाकवायच्या आणि एकमेकींत गुंतवायच्या. वसंतात त्यांना पालवी फुटते. काम मोठे सुंदर, पण एकट्याचे. दिवसच्या दिवस शेताच्या कडेला माणूस आणि त्याचा कोयता, तिसरे कोणी नाही. त्यामुळे शनिवारी दुपारी मर्विनला पबात आल्यावाचून चैन पडायचे नाही.

नेस्टाने माझ्यावर त्याच्या नावाची अक्षरे कोरून घेतली आणि मला थेट पबचा मालक क्लेम याच्यासमोर ठेवले.

"हा इथं टांगा," ती म्हणाली. "शनिवारी नवरा कुठं असणार ते मला ठाऊकच आहे. निदान कशातून पितो ते तरी माझ्या पसंतीचं असू दे."

"आणि किती पितो ते?" क्लेमने डोळे मिचकावले.

"ते घरी आला की त्याच्या पायांवरून कळेल मला."

आमच्या तुळईची एक रीत आहे. डावीकडे हयात माणसांचे पेले आणि उजवीकडे गेलेल्यांचे. माणूस गेला की त्याचा पेला उजवीकडे सरकतो आणि मग त्यातून कधीच कोणी पीत नाही. हयात माणसाच्या पेल्यालाही दुसऱ्याने तोंड लावायचे नाही. हे कुठे लिहिलेले नाही, कोणी कोणाला सांगतही नाही. पण इकडची माणसे राजाच्या कायद्यापेक्षा असल्या न लिहिलेल्या गोष्टी जास्त पाळतात.

एक्केचाळीस वर्षे मी मर्विनच्या हातात होतो. बारा वाजता दार उघडायचे. क्लेम मला आकड्यावरून काढायचा, पंपाचा लाकडी दांडा ओढायचा आणि तळघरातल्या पिंपातली तपकिरी एल, म्हणजे आमच्याकडची बिअर, माझ्यात चढायची. सोबत पाव, चीज आणि लोणच्यातला कांदा. रविवारी भाजलेल्या मांसाच्या जेवणाला नेस्टाही यायची. शेकोटीजवळच्या बाकावर मर्विनच्या शेजारी आयव्हर बसायचा. आयव्हर गावचा पोस्टमन. दोघांचे तेच ते विनोद चालायचे.

"आयव्हर, तुझ्या पत्रांपेक्षा माझी कुंपणं वेळेवर असतात, लेका."

"तुझी कुंपणं जातात कुठं? तिथल्या तिथंच तर असतात!"

"म्हणूनच म्हटलं."

कुंपण विणण्याच्या स्पर्धेत मर्विन पहिला आला तेव्हा आनंदाच्या भरात त्याने मला काउंटरवर आपटले. माझ्या बुडाला पोचा पडला. नेस्टा आठवडाभर त्याच्याशी नीट बोलली नाही. मला मात्र तो पोचा मिरवावासा वाटायचा.

आणि मग एका फेब्रुवारीत नेस्टा गेली.

दफन झाल्यावर सगळे पबात आले. चहा होता, हॅमची सँडविचेस होती. मर्विन टोपी हातात धरून दाराशी उभा होता. प्रत्येकाने त्याच्याजवळ जाऊन "फार वाईट झालं, मर्विन" म्हटले आणि लगेच मेंढ्यांच्या पिलांचा विषय काढला. मर्विनने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

"थोडा वेळ देऊ या त्याला," क्लेम म्हणाला. "दुःखाच्या घरात माणसानं घुसू नये."

"छे छे, घुसायचं कशाला?" आयव्हर म्हणाला. "सकाळी त्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो मी. धुराड्यातून धूर निघत होता."

"मग झालं तर. बरा आहे म्हणायचा."

सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. मित्रांनो, अशी तीन वर्षे गेली! दर शनिवारी आयव्हर टेकडीवरच्या मर्विनच्या घराचा चढ चढून जायचा, फाटकाशी थांबायचा, धूर बघायचा आणि येऊन सांगायचा. बाकावरची मर्विनची जागा रिकामी ठेवलेली असायची. अनोळखी माणूस तिथे बसायला लागला तर कोणीतरी हळूच खोकायचे. सगळ्यांचा त्याच्यावर जीव होता, मी रोज ऐकत होतो. पण ज्याच्यावर जीव होता त्याला मात्र हे कोणी सांगत नव्हते. माझ्या अंगावर धूळ बसली, आत कोळ्याने जाळे केले. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, अरे, जा कोणीतरी! पण पेल्याला तोंड मोठे असले तरी जीभ नसते.

तिसरे वर्ष सरताना क्लेम थकला आणि मुलीकडे राहायला गेला. पब शेरिलने घेतला. शेरिल बर्मिंगहॅमची, फटकळ, हाताला उसंत न देणारी. तिला आमची रीत कोणी सांगितली नव्हती. सांगणे बरे दिसले नसते ना!

जूनमधल्या एका दुपारी टेकड्या पायी हिंडणारी एक बाई आली. बुटांना चिखल, घसा कोरडा. तिने एल आणि मटण भरलेली खमंग पाई मागितली आणि वर बोट दाखवून म्हणाली, "तो किती गोड पेला आहे! त्यातून द्याल का?"

"देते की," म्हणत शेरिलने मला काढले, कोळ्याला बाहेर काढले, धुतले आणि भरले.

आयव्हरचा कांदा काट्यावरच राहिला. खोटे कशाला सांगू, तीन वर्षांनी ती थंडगार एल अंगात शिरली तेव्हा मला आनंद झाला, आणि पाठोपाठ लाजही वाटली. बाई पिऊन, कौतुक करून निघून गेली. शेरिलला कोणी एक शब्द बोलले नाही. आयव्हर उठला, "हवा छान पडलीय," म्हणाला आणि बाहेर गेला.

तो गेला मर्विनच्या घरी. पण आयुष्यभर टपाल टाकलेला माणूस तो. दार वाजवायची सवयच नाही. त्याने दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकवली आणि परतला. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'तुझ्या पेल्यातून कोणीतरी प्यालं.'

पुढच्या शनिवारी बाराच्या ठोक्याला दार धाडकन उघडले. मर्विन होता. कोट अंगावर लोंबत होता, गाल बसले होते, पण डोळ्यांत जाळ होता.

"कोण प्यालं माझ्या पेल्यातून?"

"तुम्ही कोण?" शेरिलने विचारले.

"ज्याचा पेला आहे तो!"

"माफ करा हं," शेरिल म्हणाली. "मला वाटलं, शोभेला टांगलाय. तीन महिने झाले मला इथं येऊन. त्याला कुणी हात लावताना दिसलं नाही."

मर्विनचा राग तिथेच विरला. "तीन वर्षं," तो हळूच म्हणाला.

शेरिलने त्याच्या देखत मला कढत पाण्याने धुतले, कोरडे केले, भरले आणि त्याच्या हातात दिले. तोच हात होता, अंगठ्याजवळ कोयत्याचा व्रण असलेला. आयव्हर बाकावर थोडा सरकला. जागा रिकामीच होती, तरी सरकला.

मर्विन त्याच्या शेजारी बसला.

"तुझी चौकशी करत होतो आम्ही," आयव्हर म्हणाला.

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हणजे... आपसात." आयव्हरने घसा खाकरला. "दर शनिवारी धूर बघायचो ना मी. अगदी उन्हाळ्यातसुद्धा असायचा. म्हटलं, बरा आहेस."

मर्विनने मला गुडघ्यावर टेकवले. "आयव्हर, भर जूनमध्ये मी शेकोटी कशाला पेटवीन रे?"

आयव्हरने हातातला पेला खाली ठेवला.

"खिडकीतून दिसायचास मला. फाटकाशी उभा राहायचास, वर धुराड्याकडं बघायचास. वाटायचं, एवढा चढ चढून येतोय बिचारा, धूर दिसला नाही तर उगीच काळजी करील. म्हणून शनिवारी सकाळी पेटवायचो. तू गेलास की विझवायचो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू दार का नाही वाजवलंस?"

शेरिलने दोन बशांत पाई आणून त्यांच्यापुढे आदळल्या. "धन्य आहात बाबा तुम्ही!" ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. मर्विनने एक घोट घेतला. माझ्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "नेस्टानं आणला होता हा." तीन वर्षांत त्या पबात तिचे नाव पहिल्यांदा उच्चारले गेले.

त्यानंतर पाच वर्षे मर्विन दर शनिवारी आला. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे. एका जानेवारीत तोही गेला. त्या वेळी आयव्हर त्याच्या उशाशी बसलेला होता, एवढेच माझे समाधान.

मला उजवीकडे सरकवले. आता माझे कोणी नाही. नाताळला धूळ पुसतात, पाहुणे फोटो काढतात, माझ्याविषयी हळू आवाजात बोलतात. मान खूप मिळतो, मित्रांनो, पण मान कोरडा असतो. शेजारी सहा पेले आहेत, तेही गप्प. वारा आला की एकमेकांना लागतो आणि किण्ण असा आवाज होतो, तेवढेच काय ते बोलणे.

गेले दोन शनिवार आयव्हर आला नाही. निळे दार त्याचे आहे. काल काउंटरशी एकजण म्हणाला, "रात्री त्याच्या खिडकीत दिवा दिसला मला. ठीकच असेल." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या अंगावर काटा आला असता, पेल्याला येत असता तर.

शेरिल ग्लास पुसत होती. तिचा हात थांबला. तिने ॲप्रन काढून काउंटरवर टाकला.

"अगं, ऐन जेवणाच्या वेळी कुठं निघालीस? पिंपाकडं कोण बघणार?" कोणीतरी विचारले.

"तुमचं तुम्ही ओढून घ्या," ती म्हणाली. "दिव्यांना काय विचारायचं? मी माणसाला विचारून येते."

मी खिडकीतून बघत होतो. तिने निळे दार वाजवले. थांबली. पुन्हा वाजवले. मग मुठीने वाजवले. दार उघडायला फार वेळ लागला, पण उघडले. खांद्यावर घोंगडी घेतलेला आयव्हर चौकटीला धरून उभा होता. शेरिल आत गेली.

थोड्या वेळाने ती धावत परत आली. डावीकडच्या आकड्यावरून तिने आयव्हरचा पेला काढला, अर्धा भरला, बशीत पाई घेतली आणि निघाली. आमच्यातला एकही पेला आजवर या दाराबाहेर गेला नव्हता. कोणी खोकले नाही. बशी पेल्यावर झाकणासारखी धरून ती रस्ता ओलांडत होती आणि मी इकडे आकड्यावर रिकामा लटकत होतो. हेवा वाटला मला. पण त्याहून जास्त बरे वाटले.

मला कोणी खाली काढणार नाही, हे मी जाणून आहे. माझे मागणे माझ्यासाठी नाहीच. तुमच्या ओळखीचे एखादे माणूस यायचे थांबले असेल, तर त्याची जागा रिकामी ठेवून बसू नका. आपसात चौकशी करू नका. धूर दिसला, दिवा दिसला, म्हणून फाटकावरून परत फिरू नका. आत कोणीतरी केवळ तुमच्यासाठी भर उन्हाळ्यात शेकोटी पेटवून बसलेले असेल. दार वाजवा, मित्रांनो.