डोळे मीट, आ कर

मी एक जुनी, अर्धवट खाल्लेली काळ्या चॉकलेटची वडी आहे. फडताळाच्या वरच्या कप्प्यात, चहाच्या डब्यामागे पडून असते. अंगावर पांढरट थर आला आहे, म्हणून मला बुरशी लागली असं घरातले म्हणतात. मित्रांनो, ती बुरशी नाही. उकाड्याने माझ्यातलं तेल वर येऊन थिजलं आहे, इतकंच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्याच. माझ्या सगळ्या कोकोच्या बिया एकाच डोंगरउतारावरच्या बागेतल्या. कारागीर बाईंनी त्या हाताने निवडल्या, मंद आचेवर भाजल्या, सालं पाखडली आणि दगडी यंत्रात सावकाश दळल्या. साखर घातली नाही, दूध नाही. "हिच्यात काही लपवायचं नाही," त्या नवऱ्याला म्हणायच्या. साच्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी चमकत होते. मोडताना माझा 'कट्' असा आवाज यायचा, त्याचं फार कौतुक झालं. मलाही जरा शिंगं फुटली होती.

मग एक गृहस्थ मला घ्यायला आले. बाईंनी त्यांना बजावलं, "छोटा तुकडा जिभेवर ठेवून विरघळू द्या. आणि लहान मुलांना देऊ नका हं, फार कडू आहे. बिचारी रडतील."

बाईंनी काळजीने सांगितलं. गृहस्थांना त्यातून कल्पना सुचली.

त्यांच्या घरात त्यांची छोटी पुतणी होती. सगळे तिला चिमी म्हणत. "डोळे मीट, आ कर" म्हटलं की ती पिल्लासारखी चोच उघडायची. कुणी द्राक्ष घालायचं, कुणी बिस्किटाचा तुकडा. आत काय येणार, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. आत्याने फोन सरसावला.

"चिमे, डोळे मीट, आ कर!" काका म्हणाले.

"भावोजी, नको हो. फार कडू आहे ते," चिमीची आई म्हणाली.

"अहो वहिनी, चॉकलेट देतोय, एरंडेल नाही! तुम्ही तिला काचेच्या कपाटातच ठेवा."

हशा पिकला. आईही कसनुसं हसली.

मी चिमीच्या जिभेवर पडले. तिचं तोंड आक्रसलं, डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई, चेहरा बघा, चेहरा!" आत्याला हसू आवरेना. चिमीने मला थुंकून टाकलं नाही. एवढे सगळे हसताहेत म्हणजे आपण काहीतरी छान केलं, असं तिला वाटलं असावं. काळे दात दाखवत तीही हसली.

"पुन्हा कर रे दादा, मघाशी फोन हलला," आत्या म्हणाली.

"अरेरे, चुकून कडू आला वाटतं," काका चिमीला म्हणाले. "हा बघ, हा गोड आहे. काका खोटं बोलेल का?"

चिमीने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच चिकटलेलं होतं. ते पाहून चिमीने डोळे मिटले आणि आ केला.

दोन्ही तुकडे एकाच वडीचे, मित्रांनो. तरी दुसऱ्या वेळी ती जशी रडली, तशी पहिल्या वेळी रडली नव्हती.

संध्याकाळी आईने तिच्यासाठी केळं कुस्करलं. "आ कर गं राणी."

चिमीने ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र टक्क उघडे. "आधी तू खा."

आईने घास खाल्ला.

"गिळलंस? दाखव."

आईने तोंड उघडून दाखवलं.

"पोरगी हुशार झाली!" काका सोफ्यावरून म्हणाले. "माझे आभार माना, वहिनी."

मित्रांनो, मला खुशाल फेकून द्या. मी कडू आहे, आणि कडूच आहे असं माझ्या कारागिणीने आधीच सांगितलं होतं. पण एखादं लेकरू तुमच्या भरवशावर डोळे मिटून उभं असेल, तर तो भरवसा जपा. तो एकदा तुटला की कुठल्याही साच्यात पुन्हा ओतता येत नाही.

चिमीच्या ताटातला पहिला घास अजूनही तिची आई खाते. मग आ करते, आणि चिमी नीट वाकून आत बघते.