वर बघायला कोण होतं?

मी एक म्हातारा करकोचा आहे. ऐन तलहा नावाच्या गावातल्या जुन्या मशिदीच्या मिनारावर माझे घरटे आहे. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगतात हे मला ठाऊक आहे. पण माझी गोष्ट मला त्या सकाळपासूनच सांगता येते.

त्या सकाळी मी ओढ्यावरून पोट भरून परत आलो. अंड्यांवर बसायची पाळी आता माझी होती. घरट्यात उतरताना आम्ही जोडीदाराच्या स्वागतासाठी मान मागे टाकून चोच वाजवतो. मी वाजवली. उत्तर आले नाही. अंडी उघडी होती आणि गार पडली होती. मी पुन्हा चोच वाजवली, मग खाली पाहिले.

मशिदीची झाडलोट करणारे बा लर्बी गल्लीत गुडघे टेकून बसले होते. पिठाच्या रिकाम्या पोत्यात ते माझ्या जोडीदारणीला गुंडाळत होते. तिचा एक पंख पोत्यात मावत नव्हता. शेजारी नगरपालिकेचा अनवार उभा होता. त्याच्या हातात ड्रोन होता आणि ड्रोनच्या पात्यांना तिची पिसे चिकटली होती.

"वर बघायला कोण होतं?" बा लर्बींनी विचारले.

"माझी नजर पडद्यावर होती, बा. छतांचे फोटो घेत होतो. वर बघायचं काम जमालचं."

"जमाल? तो तर तिकडे चहा ढोसतोय."

जमाल खरेच कोपऱ्यावरच्या टपरीत बसला होता. तिथूनच तो म्हणाला, "अहो बा, पक्षी आहे तो. माणूस मेल्यासारखं काय करताय?"

"माणूस असता तरी तू चहाच पीत बसला असतास," बा लर्बी म्हणाले.

मी याच गावच्या तटबंदीवर जन्मलो. ती कुठे जन्मली ते मला कधी कळले नाही. एका वर्षी ती या मिनारावर येऊन बसली आणि मी काटक्या आणू लागलो. घरट्यात शेजारच्या लल्ला यामनांचा हिरवा रुमालही आहे. तो तिने त्यांच्या गच्चीवरच्या दोरीवरून उचलला होता. लल्ला यामनांनी शिव्या दिल्या, पण रुमाल काढून आणायला कोणाला वर चढू दिले नाही. ज्या घरावर करकोचा बसतो तिथे बरकत येते, असे हे लोक मानतात. हिवाळ्यात आम्ही दोघे वाळवंटापलीकडे वेगवेगळे जात असू. जो आधी परते तो दुसऱ्याची वाट पाहत असे. तिने मला कधी फार वाट पाहायला लावली नाही.

मग नगरपालिकेने ड्रोन आणला. परवान्याशिवाय कोणी मजला चढवला आहे का, ते वरून बघायचे होते. साहेबांनी अनवार आणि जमाल यांना मिनाराखालच्या चौकात उभे करून नियम सांगितले. एकाने उडवायचे. दुसऱ्याने आकाशावर नजर ठेवायची आणि काही दिसले की ओरडून सांगायचे. घरट्यांजवळ जायचे नाही. बाजाराच्या गर्दीवरून न्यायचे नाही. मी सगळे ऐकले. जमालनेही मान डोलावली होती.

ती गेल्यावर मी अंड्यांवर एकटा बसलो. पण मलाही खायला जावे लागत होते. मी जाऊन येईपर्यंत अंडी गार पडत. ती उबली नाहीत. शेवटी मीच ती चोचीने घरट्याबाहेर ढकलली. त्यानंतर मला एकच काम उरले.

ड्रोन पुन्हा आला तेव्हा मी ऊन पाठीशी घेऊन त्याच्या वर होतो. तो आठवड्याच्या बाजारावरून चालला होता. तिथेच त्याला पाडता आले असते. पण मी आधी खाली पाहिले. खाली भाकऱ्या विकणाऱ्या बायका होत्या, बिसाराच्या घट्ट सुपाचे उकळते भांडे होते, गाढवाच्या पाठीवर पोर होते. मी थांबलो. तो नदीकाठच्या लव्हाळ्यांवर गेला, तेव्हा मी पंख मिटले आणि दोन्ही पायांनी त्याला लाथ घातली. तो चिखलात रुतला. अनवार मांडीभर गाळात त्याला शोधत होता.

"पिसाळलाय हा बलार्ज," जमाल काठावरून म्हणाला. बलार्ज म्हणजे आम्ही करकोचे.

"तू मला आधी सांगितलं असतंस तर ड्रोन खाली घेतला असता."

"मी चपला सोडत होतो."

संध्याकाळपर्यंत मी मिनारावर चोच वाजवत होतो. ते कोणाचे स्वागत नव्हते.

नगरपालिकेने नवा ड्रोन आणला. माणसे तीच. तेव्हा मला कळले की मी चुकीच्या वैऱ्यामागे लागलो होतो. ड्रोनला डोळा आहे, पण तो खाली बघतो. वर बघायला माणूस नेमला होता.

म्हणून आता मी टपरीवर जातो. जमालच्या टोपीवर मी नेम धरून विष्ठा टाकली आहे. त्याच्या बिसाराच्या वाडग्यात कुजलेला साप सोडला आहे.

"जमाल, तुला जावई करून घेतोय तो," टपरीवाला म्हणाला. "रोज काहीतरी आहेर आणतो."

"बंदूक आणतो मी."

"बंदूक कशाला?" बा लर्बी झाडू टेकवून म्हणाले. "नेम धरायला तरी वर बघशील का?"

सगळे हसले. जमालने टेबल पुसले आणि खुर्ची ओढत पत्र्याच्या छपराखाली नेली.

मित्रांनो, तुमच्याही गावात कधी ड्रोन उडेल. तो छान दिसतो, पण त्याच्याकडे नंतर बघा. आधी उडवणाऱ्याच्या शेजारी कोण उभे आहे ते बघा. कोणी नसेल तर मोठ्याने विचारा. मी तुम्हाला क्षमा शिकवायला आलेलो नाही. मला ती येत नाही.

तटबंदीवर एका तरुण जोडीने घरटे बांधले आहे. त्यांची अंडी आता उबायला आली आहेत. आज सकाळी ड्रोन त्याच बाजूने उडाला. अनवारची नजर पडद्यावर होती. जमाल छपराखाली होता. त्याने अजून वर पाहिलेले नाही.