नांगराखालची तार

उरक्याचं सगळं काम तडकाफडकी, म्हणून तर गावानं त्याला हे नाव ठेवलं. त्या दिवशी बांधाच्या कडेनं ट्रॅक्टर फिरवताना फाळाला काळी तार अडकली आणि तुटून वर आली. इंटरनेटची तार! ठेकेदारानं ती कमरेइतकी खोल पुरायची, तर पठ्ठ्यानं पुरली होती वीतभर. पण हे कोण ऐकून घेणार? दोन वर्षं हेलपाटे घालून गावानं ही स्वस्तातली लाइन आणली होती. उरक्या घाबरला. इकडंतिकडं बघत त्यानं दातानं तार सोलली, टोकं पिळून जोडली, चिकटपट्टी गुंडाळली आणि वर माती ढकलली. आत तांबं नव्हतंच, केसासारखी काच होती; ती अशी पिळून थोडीच जुळते? मनात पाल चुकचुकली, पण काम उरकलं होतं.

त्या घडीपासून गावाचं नेट बंद. तीन दिवस लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते. उरक्याही मोडत होता, इतरांपेक्षा जरा जास्तच.

तिसऱ्या दुपारी तो दुकानात काडेपेटी घ्यायला गेला. दुकानवाली मावशी दारात उभी राहून डोंगराकडं बघत होती. तिकडं आभाळ शाईसारखं काळं झालं होतं.

"वर तीन दिवस अवकाळी धो धो कोसळतोय. धरणातनं पाणी सोडायचा निरोप कसा नाही आला रे?"

"सोडणार असतील तर माणूस येईल की सांगायला."

"कुठला माणूस? नेट आल्यावर त्याची फेरी बंदच केली. आता सगळं फोनवर."

उरक्यानं काडेपेटी तिथंच टाकली. त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी सकाळपासून नदीच्या वाळूत काकड्या तोडत होते.

गावात रेंज मिळायची ती एका टेकडीवरच. उरक्या धापा टाकत वर चढला. फोन थरथरला. निरोप कालचाच होता: आज तीन वाजता दरवाजे उघडणार, नदीपात्रात कोणी उतरू नये. तीन वाजून गेले होते.

टेकडी उतरून त्यानं ट्रॅक्टर सरळ नदीच्या वाळूत घातला. वारा पडलेला, एक पाखरू ओरडत नव्हतं. भाऊ हसला, "बरा आलास! या पाट्या टाक मागं."

"पाट्या खड्ड्यात गेल्या! बस आधी! पाणी सुटलंय!"

दोघांना ओढून त्यानं ट्रॅक्टर काठावर चढवला. मागोमाग गढूळ पाण्याची जीभ वेलांवरून सरकली. बघता बघता हिरवं काही उरलं नाही.

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "देवासारखा आलास रे भावजी. पण तुला कळलं कसं? नेट तर बंद आहे."

"मीच तोडलं, वहिनी." उरक्याला हुंदका फुटला. "नांगराखाली तार आली. भीतीनं बोललो नाही."

भावानं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. वहिनी मात्र नदीच्या खालच्या वळणाकडं बघत होती. पाण्याचा आवाज आता तिकडून येत होता.

"खालच्या वस्तीतल्या चौघी कलिंगडं तोडायला वाळूत उतरल्यात," ती म्हणाली. "एकीच्या पाठीला पोर बांधलंय."

काठानं ट्रॅक्टर जाईल अशी वाट नव्हती; उरक्या पळत सुटला. आयुष्यात तो इतक्या जोरात पळाला नव्हता, आणि पाणी त्याच्या पुढं होतं.